खिळ्यावर राहिलेला बिल्ला

माझ्या पोटावर ४०७ हा आकडा ठोकलेला आहे, तेच माझे नाव. मी एक जुना पितळी बिल्ला. मित्रांनो, कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीत माझी हयात गेली, पण सोने मी कधी पाहिले नाही.

माझा धनी सुसैनाथन. माणसांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचे दोर आणि ब्रेक त्याच्या हाती होते. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फाटकावरच्या फळीला अडकवायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. पाळी सुटल्यावर एकही बिल्ला फळीवर उरला, तर घंटा होई. मग तो माणूस सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे.

एके दिवशी खाण बंद झाली. सगळ्यांनी बिल्ले काढून नेले. फळी रिकामी दिसली, तेव्हा सगळे वर आले असे साहेबांना वाटले. तिथेच चूक झाली.

सुसैच्या बायकोने, आरोक्यम्माने, मला घराच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगले. पहिले वर्षभर सुसै रोज तेल लावून, भांग पाडून फाटकापर्यंत जाऊन येई. पुढे दाढी करणे सुटले. "सध्या काय करता?" हा प्रश्न नको म्हणून लग्नकार्यांना जाणे सुटले. सरकारने कॉम्प्युटरचा वर्ग काढला, त्यात तो आणि शेजारचा मुनुसामी तीन महिने बसले. कागद मिळाला, काम मिळाले नाही. अशी अकरा वर्षे गेली. लोक त्याला आळशी म्हणू लागले. मला फार राग येई, पण पितळेला तोंड कुठले?

तोंड आरोक्यम्माला होते. तिने मला खिळ्यावरून काढले आणि रोजगार कचेरीतल्या गिरिजा मॅडमच्या टेबलावर आपटले.

"हा बिल्ला अकरा वर्षं खिळ्यावर लटकतोय, मॅडम. माझा माणूस वर आलेला नाही. तुम्ही घंटा कधी वाजवणार?"

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी अकरा वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. "त्यांना येतं काय?"

"दोर, ब्रेक, पिंजरा. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात."

महिन्याभराने मॅडमची चिठ्ठी आली. बंगळुरूत लिफ्ट दुरुस्तीचे काम होते. शिकतानाही पगार, आणि जुन्या कामाचा अनुभव धरला जाणार होता.

"पन्नाशीत उमेदवारी? पोरं हसतील गं," सुसै म्हणाला.

"हसू देत. इथे बसलात तर मी रडते, ते चालतं का?" आरोक्यम्माने डबा त्याच्या हातात कोंबला.

त्या सकाळी सुसैने मला खिळ्याला नीट अडकवले आणि तो गाडीला गेला. संध्याकाळी परतला, तो ग्रीसने काळे झालेले हात घेऊन. जुन्या सवयीने त्याने मला खिळ्यावरून काढले आणि खिशात टाकले. आरोक्यम्मा चुलीकडे तोंड करून रडली.

मॅडमनी मुनुसामीच्या नावानेही चिठ्ठी पाठवली होती. पण तोवर त्याला देवाघरी जाऊन चार महिने झाले होते. त्याचा ४१२ अजून शेजारच्या दारात लटकतो.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कोणी कामावाचून घरात बसले असेल. त्याला हसू नका. त्याला काय येते ते विचारा, आणि घंटा वाजवा. वेळेत वाजवा.