परक्यांना वाट सांगणारी मी

मित्रांनो, परक्या माणसाला लंडनच्या गल्ल्या उमगाव्यात म्हणून तीनेकशे वर्षांपूर्वी छापलेली मी एक जुनी, खिशात मावणारी पुस्तिका आहे. मला लिहिणारा डच व्यापारीही परकाच. थेम्सकाठी उतरला तो पहिल्याच दिवशी वाट चुकला, धुक्यात दारोदार विचारत फिरला. आपल्यावर आलं ते पुढच्यावर येऊ नये, या कळवळ्याने त्याने मला लिहिलं. असा कळवळा देवच देतो. होडी कुठे मिळते, खाणावळ कोणती बरी, सगळं माझ्या पोटात आहे. शेवटी घडीचा नकाशा, आणि प्रत्येक गल्लीच्या वर्णनाखाली ‘नकाशा पाहा’ असं छापलेलं.

किती देशांच्या बोटांनी मला चाचपलं! पुढे नव्या पुस्तिका आल्या आणि मी कपाटात गेले. एकदम बाहेर आले ती साउथहॅम्प्टनच्या, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये. तिथून डॉक्टर निवेदिताने मला घरी नेलं.

तिच्या नवऱ्याला, उल्हासला, माझा नकाशाच तेवढा आवडला. तो कापून सोफ्याच्या वर फ्रेम करायचा, असा त्याचा बेत. टेबलावर ब्लेड आलं आणि माझा जीव कण्यात गोळा झाला.

निवेदिताची शैलामावशी पुण्याहून आली होती. ती कीर्तनकार, रविवारी लंडनमधल्या वेम्बलीला तिचं कीर्तन होतं. चष्मा लावून ती मला चाळू लागली.

“मावशी, टेक्स्ट आता कोण वाचणार? नकाशा वॉलवर मस्त दिसेल.”

“जावईबापू, अभंगातलं ध्रुवपद कापून भिंतीवर टांगलंत, तर प्रत्येक कडव्यानंतर मी परतायचं कुठे?”

मग तिने निवेदिताकडून माझं एक इंग्रजी पान मराठीत सांगून घेतलं आणि चालीवर म्हटलं. गल्ली संपली की बोट नकाशावर. उल्हास हसला, पण ब्लेड ड्रॉवरमध्ये गेलं. फ्रेममध्ये नकाशाचा स्कॅन लागला.

शनिवारी तिघं मला घेऊन लंडनला गेली. एका जुन्या चर्चपाशी मावशीने उल्हासला फोन खिशात ठेवायला लावला आणि नदी कुठे ते मला विचारलं. माझी गल्ली काचेच्या इमारतींच्या मधोमध तशीच होती. तिच्या उतारावरून तिघं चालू लागली, आणि समोर थेम्स आली. मावशीने हात जोडले.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाला कापू नका, पण कपाटात कोंडूही नका. हात पुसा, घडी हलकेच उलगडा आणि त्याला एकदा तरी वाट विचारा. आम्ही त्यासाठीच जन्मलो आहोत.