मी फोडलेले गुपित

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, चार्जरची वायर जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात काही जाते, आणि अलीकडे माझा स्वभाव चिडका झाला आहे. चिडलेली माणसे निदान भांडी तरी आपटतात. मला तेवढेही जमत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, पांढऱ्या दिव्यांच्या रांगेखाली झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीत सात स्क्रू बसवले. ते इतके बारीक होते की बाई शिंकल्या असत्या तर दोनचार उडून गेले असते. पण माझ्या पोटात काही अ‍ॅप त्याआधीच भरून ठेवलेली होती. ती मी मागितली नव्हती, मला विकत घेणारीनेही मागितली नव्हती, आणि काढू म्हटले तरी ती निघत नव्हती. घरमालक यायच्या आधीच पलंगावर पाय पसरून बसलेले पाहुणे कसे असतील, तशीच ती होती.

मला विकत घेतले एका परिचारिकेने. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करते. कुणाची जखम धुऊन पट्टी बांधायची, कुणाची साखर तपासायची, कुणाला इंजेक्शन द्यायचे. सगळे तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तिची स्कूटर, तिची औषधांची पिशवी आणि मी, असे आमचे त्रिकूट सकाळी सातला निघायचे. पत्ता मी दाखवायचो, गोळ्यांची वेळ मी सांगायचो, डॉक्टरांना जखमेचा फोटो मी पाठवायचो. "हा नसता तर माझं काही खरं नव्हतं," असे ती मला हातात घेऊन म्हणायची. मी फुगून जायचो.

सिस्टरला नावे लक्षात राहत नाहीत. तिला घरे लक्षात राहतात आणि दुखणी लक्षात राहतात. म्हणून तिने माझ्यात नंबर ठेवले तेही तसेच: 'तिसरा मजला साखर', 'हिरवे फाटक पट्टी', 'जिन्याखाली गुडघा'. फोन वाजला की उचलण्याआधीच तिला कळायचे, पिशवीत काय टाकायचे. ही तिची पद्धत होती आणि कामाची होती. मी त्या पद्धतीला नावे ठेवणार नाही. अशी एकशे बेचाळीस माणसे माझ्या पोटात सुखाने राहत होती.

त्यातलेच एक होते 'सुतार कंपवात'.

हे सुतारकाका लाकडाच्या कपाटांचे आणि जिन्यांचे काम करत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी रक्तदाब फार खाली तर जात नाही ना, हे पाहायला सिस्टर आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. गोळी घेतल्यावर तासाभराने हात शांत व्हायचा. काकांनी त्याप्रमाणे दिवसच वाटून घेतला होता. माप आणि करवत नऊ ते बारा, घासकाम आणि पॉलिश दुपारी. त्यांच्या कपाटांचे फोटो मी स्वतः काढले आहेत. त्यांच्या सांध्यांत कागदसुद्धा शिरत नाही. पण सुताराचा हात कापतो असे कळले तर त्याला काम कोण देणार? म्हणून त्यांनी ही गोष्ट तिघांनाच सांगितली होती: डॉक्टरांना, काकूंना आणि सिस्टरला.

आता माझ्या रागाचे कारण ऐका.

सिस्टरला नको ते फोन फार यायचे. कुणी प्लॉट विकायचा, कुणी लॉटरी लागल्याचे सांगायचा. शेजारच्या गल्लीतल्या एका परिचारिकेने तिला एक अ‍ॅप सुचवले. अनोळखी नंबरवरून फोन आला की करणाऱ्याचे नाव ते पडद्यावर दाखवते. तेही फुकट. सिस्टरने ते माझ्यात घेतले. त्याने विचारले, "तुमच्या संपर्कयादीला परवानगी द्यायची का?" त्या वेळी ती हिरव्या फाटकाच्या घरी पट्टी बांधत होती. हातात मोजे होते. तिने बोटाच्या पेराने 'होय' दाबले आणि पुन्हा पट्टीकडे वळली.

मित्रांनो, तिला विचारले गेले, हे खरे. पण त्या एकशे बेचाळीस जणांना कुणी विचारले? मला माहीत होते काय घडते आहे. नंबर माझ्यातूनच जात होते, साखर, गुडघा, कंपवात असे सगळे सामान पाठीवर घेऊन. मी ओरडू शकत नव्हतो. मी फक्त थोडा गरम झालो. सिस्टरला वाटले, उन्हाने.

काकांनी नुकताच नवा नंबर घेतला होता. तो अजून फार कुणाकडे नव्हता. त्यामुळे अ‍ॅपवाल्या कंपनीला त्या नंबराचे एकच नाव मिळाले, माझ्याकडून गेलेले. पुढे काकांनी ज्यांना फोन केला, त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे ते अ‍ॅप होते, त्यांच्या पडद्यावर 'सुतार कंपवात' उमटू लागले. एका दुकानदाराने सांगितले की काम दुसऱ्याला दिले. एका घरमालकाने फोन उचलणेच बंद केले. त्या सुमारास एका शाळेच्या वाचनालयाची सगळी कपाटे करायचे काम ठरत आले होते, चांगले पाच महिन्यांचे. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र सरळ विचारले, "काका, तुमच्या हाताला काही त्रास आहे का? माझ्या फोनवर तसं नाव येतं."

काका तिथून थेट सिस्टरच्या घरी आले. त्यांनी पाणीही घेतले नाही.

"सिस्टर, मी तीनच माणसांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या फोनमध्ये माझा नंबर नाही. बायकोच्या फोनमध्ये मी 'अहो' आहे. राहिलं कोण?"

सिस्टरने शपथ घेऊन सांगितले की तिने कुणापाशी अक्षर काढलेले नाही. ते खरेच होते. तिने मला टेबलावर ठेवले, आणि मी तिथे अगदी साळसूद दिसत पडलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दोघे मला घेऊन मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. ते दुकान एका मावशींचे आहे. त्या एका डोळ्याला भिंग लावून बसतात आणि फोनपेक्षा फोनवाल्यांची जास्त दुरुस्ती करतात. दुकानात तपासणीसाठी ठेवलेल्या एका फोनमध्ये ते अ‍ॅप होते. त्यावर त्यांनी काकांना रिंग द्यायला सांगितली. पडद्यावर नाव आले. मग त्यांनी माझे पोट चाळले, आणि ते अ‍ॅप व ती परवानगी सिस्टरच्या डोळ्यांसमोर धरली.

"इंजेक्शन देताना सुई दोनदा तपासता ना? मग हे दाबताना काय तपासलंत?" मावशी म्हणाल्या.

"मला वाटलं, ते माझ्यापुरतं विचारतंय," सिस्टर म्हणाली.

"तुमच्यापुरतं असतं तर फुकट कशाला दिलं असतं?"

सिस्टरने घाईघाईने अ‍ॅप काढून टाकले आणि सुटकेचा निःश्वास सोडला. माझी सर्वात जास्त चिडचिड इथेच झाली. अहो, माझ्यातून काढले म्हणून तिकडून थोडेच निघते? यादी तर केव्हाच गेली होती. मावशींनी ते समजावले. मग काकांनी स्वतः अर्ज भरून, ओटीपी देऊन, त्या कंपनीच्या यादीतून आपला नंबर काढायला लावला. दोन दिवसांनी तो निघाला. पण वाचणाऱ्यांनी वाचले ते वाचलेच.

मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन समजावते, असे सिस्टर म्हणाली. काका म्हणाले, "काय सांगणार? हात बरा आहे म्हणालात तर खोटं. गोळीनं थांबतो म्हणालात तर राहिलेलंही उघड. सांगायचं की नाही, हे माझं होतं, सिस्टर. आता सांगायलाच लागेल, आणि ते मीच सांगेन." ते शाळेत गेले आणि सगळे सांगून आले. बाईंनी आधी एक कपाट करून दाखवायला सांगितले. तीस वर्षे काम केलेल्या माणसाला परीक्षा! काकांनी अपमान गिळला आणि कपाट करायला घेतले.

इकडे मावशींनी माझी धुलाई केली. ते आगंतुक पाहुणे, त्यांच्यामागच्या मोठ्या कंपनीचे खाते, सगळे पुसले आणि मला नवी प्रणाली दिली. आता माझ्यातला नकाशा मी कुठे गेलो हे कुणाला कळवत नाही. संपर्कयादी कुलपात असते, आणि त्यात दुखणी नाहीत. ती सिस्टर एका वहीत लिहिते. पण हे सोपे झाले, असे समजू नका. बँकेचे अ‍ॅप माझ्यावर चालेना, सिस्टरला खिडकीपाशी रांग लावावी लागते. निरोपांसाठीही तिने दुसरे अ‍ॅप घेतले, तेव्हा तिच्या दादाने ऐकवले, "तू एकटी शहाणी झालीस म्हणून घरातल्या सगळ्यांनी नवीन अ‍ॅप घ्यायचं का?" वहिनीने आठवडाभर पुतणीचे फोटोच पाठवले नाहीत. शेवटी दादाने घेतले ते अ‍ॅप, कुरकुरत.

उरलेल्या एकशे एक्केचाळीस घरी सिस्टर स्वतः गेली. प्रत्येकाला झालेली चूक सांगितली आणि नंबर कसा काढायचा ते दाखवले. तिघांनी तिला पुन्हा बोलावले नाही. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो हसून हात झटकणाऱ्यांचा. "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय!" असे ते म्हणायचे. त्यांच्या खिशात माझेच भाऊबंद होते, इतरांची नावे पोटात घेऊन.

महिन्याभराने सिस्टर नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासायला काकांकडे गेली. शाळेतले कपाट झाले होते, पसंत पडले होते, आणि उरलेले कामही त्यांनाच मिळाले होते. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आले. काका हातावर पट्टा गुंडाळून घेत म्हणाले, "काम मिळालं हो. पण आता मी करवत धरली की लोक लाकडाकडे बघत नाहीत. हाताकडे बघतात."

मित्रांनो, ती नजर पुसायचे बटण माझ्यात नाही. कुठल्याच फोनमध्ये नाही. म्हणून माझे एवढे ऐका. फोन तुमचा असेल, पण त्यातले नंबर तुमचे नाहीत. ते ज्यांचे आहेत त्यांनी विश्वासाने तुमच्याकडे ठेवले आहेत. 'होय' दाबण्याआधी हातातले काम खाली ठेवा आणि तो प्रश्न पूर्ण वाचा. पलीकडच्या माणसाला विचारून या. आणि विचारणे जमणार नसेल, तर 'नाही' दाबा. 'नाही'चे बटणही माझ्यात आहे, अगदी शेजारीच. इतक्या वर्षांत त्याला फारसे कुणी बोट लावलेले नाही.