अंबत्तूरच्या गोळ्या

अंबुजा दिराच्या घराचं दार लोटून आत आली तेव्हा अन्नपूर्णाबाई विळीवर भोपळा चिरत बसल्या होत्या.

अड्यारच्या आपल्या घरी अंबुजाने सासूबाईंना विळीला कधी हात लावू दिला नव्हता. त्यांना साखरेचा आजार. बोट कापलं तर जखम भरता भरत नाही.

या आजाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या. मग नियम आला, घरात बऱ्या पगाराचं माणूस असेल तर औषधाचे पैसे भरायचे. थोरला जयतीर्थ, म्हणजे अंबुजाचा नवरा, बँकेत होता. धाकटा वादिराज कामाला होता तो कारखाना बंद पडलेला, आणि त्याच्या बायकोचा शाळेतला पगार तुटपुंजा. “मी अंबत्तूरला वादिराजकडे राहते, तिथं गोळ्या तशाच मिळतील,” असं सासूबाईंनीच सुचवलं, आणि अंबुजाने त्यांची ट्रंक भरून दिली.

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. जयतीर्थ अंबत्तूरहून परतला की म्हणायचा, “आई छान दिसत होती.” ते ऐकलं की अंबुजा भांडी जरा जोरातच आपटायची. वादिराजच्या बायकोला, कनकाला, धड रसमसुद्धा जमत नव्हतं.

आज मात्र अंबुजा आनंदाने आली होती.

“अम्मा, तो नियम रद्द झाला. आता सगळ्यांनाच औषध फुकट. चला, तुम्हाला न्यायला आले.”

अन्नपूर्णाबाईंनी भोपळ्याची फोड ताटलीत टाकली.

“कळलं मला. पोंगलच्या आधीच दवाखान्यात सांगितलं त्यांनी.”

बाहेर कडक ऊन होतं. जानेवारीतला पोंगल होऊन किती दिवस झाले ते अंबुजाने मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

इतक्यात कनका शाळेतून शिकवून आली. चपला काढता काढताच तिने विचारलं, “अम्मा, भूक लागली. काय केलंत?” मग थोरल्या जावेकडे लक्ष जाऊन ती ओशाळली. “अक्का, तुम्ही कधी आलात?”

“सांबार टाकते आहे,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा खुलला की अंबुजाने नजर वळवली. तिच्या घरी त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ताट वाढून समोर यायचं, आणि ते आपणच वाढतो याचा तिला अभिमान होता.

ती पुढे सरकली.

“विळी इकडे द्या, अम्मा. मी चिरते.”

“राहू दे, अंबुजा. तू पाहुणी आहेस.”

त्यांनी ते मायेनेच म्हटलं. अंबुजा भिंतीला टेकून बसली. जेवताना सासूबाईंनी तिला आग्रहाने दोनदा वाढलं. सांबार चांगलं झालं होतं. तिने तसं सांगितलं नाही.

संध्याकाळी जयतीर्थने दार उघडलं आणि तिच्या मागे पाहिलं.

“आई नाही आली?”

अंबुजाने पदराने मान पुसली.

“नाही. इथल्या दवाखान्यात औषधाचे पैसे अजून घेतात म्हणे. अंबत्तूरलाच राहू द्या त्यांना,” ती म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.