किरूने पाय झटकला

माझ्या नणंदेच्या, सिर्गाच्या पाठवणीच्या तीन दिवस आधीच आमच्या मांजरीने, किरूने थंडीची वर्दी दिली. आधी तिने दुप्पट खाल्लं. मेंढीच्या शेपटीची चरबी, दुधात भिजवलेला बोरसोकचा तळलेला गोळा, माझ्या हातून निसटलेला काळजाचा तुकडा, काही सोडलं नाही. मग अंग फुगवून शेगडीमागच्या फळीवर चढली, चारी पाय पोटाखाली दुमडले आणि नाक शेपटीखाली खुपसलं.

"नाक झाकलं बयेने," सासूबाई म्हणाल्या. "कोळसा आत घ्या. दोन पोती नाही, चार!"

सासूबाईंना, म्हणजे आमच्या बुरुलआपांना, रेडिओपेक्षा मांजरीचा भरवसा जास्त. आमच्या भाषेत किरू म्हणजे फांदीवर गोठलेलं दव. मांजरीचा रंगही तसाच, पांढुरका करडा. पण थंडीशी तिची सोयरीक नावापुरतीच. दाराला फट दिसली तरी कान पाडायची.

आणि पाठवणीच्या सकाळी पारा उणे अडतीसवर! अख्ख्या अत-बाशी गावात धुराड्यांचा धूर सरळ काठीसारखा उभा. दाराची कडी उघड्या हाताने धरावी तर ती हाताचं कातडं मागत होती. घरात मात्र नुसती झुंबड. बोरसोक तळले जातायत, पोरी केसांत फिती गुंफतायत, सिर्गा एकाच वेळी हसतेय नि रडतेय. मी पहाटेच जमिनीवरचे लोकरी नमदे बाहेर ओढून बर्फावर झोडपले होते, दार सताड उघडं टाकून. घर झाडताना शेगडीमागे केरसुणी घातली तेव्हा किरू आडवी आली.

"हट्!" मी म्हटलं होतं. एवढंच.

पाहुण्यांचा पहिला चहा झाला आणि बुरुलआपांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी.

"आयजार्किन, किरू कुठाय?"

मी किटली खाली ठेवली. उघडं दार, माझी केरसुणी, आणि बाहेर उणे अडतीस.

"असेल की, आपा. गर्दीला बुजली असेल."

"बुजली तर कुठे जाईल? बाहेर जाईल का ती? तिला कुणी काढलं तरच जाईल."

मी शाल ओढली नि धावले. आधी तबेल्यात. मोठ्या थंडीत किरू करड्या घोडीच्या पाठीवर निजायची, दोघींची वाफ एक व्हायची. घोडी एकटीच. पापण्यांवर बर्फ घेऊन माझ्याकडे बघत राहिली. तंदूरची राख उपसली, गवताच्या गंजीत हात घातला. ताज्या बर्फावर माणसांचीच पावलं, मांजरीचं एकही नाही. वाटलं, शंभर पाय फिरलेत इथे, चारच पुसायला कितीसा वेळ?

तेवढ्यात कुंपणापलीकडे भुर्रर्र आवाज झाला. शेजारचे शाबदानकाका पाठवणीच्या ट्रकच्या पोटाखाली बत्ती पेटवत होते, गोठलेलं इंजिन तापवायला.

"थांबा! काका, थांबा!"

"काय झालं गं? नवरी पळाली?"

"मांजर! इंजिनात मांजर असेल!"

"अगं, थंड इंजिनात कशाला बसेल? एवढी बावळट तूच."

तरी त्यांनी बत्ती विझवली, मिशीवरचे बर्फाचे मणी झटकले आणि इंजिनावरचं टोपण उचललं. दोघांनी डोकी आत घातली. पट्टे, नळ्या, काळं तेल. मांजर नाही.

मी घरात आले तर सिर्गा दारातच. "वहिनी, मिळाली? आईला सांगू नकोस हं मी विचारलं ते. ती रात्री म्हणाली, तू गेलीस तरी किरू आहे माझ्या पायाशी."

पाठवणीबरोबर आईने जायचं नसतं. हुंड्याच्या रजयांसोबत वहिन्या जातात. आई उंबऱ्यात उभी राहून गाते, आणि सासरहून बोलावणं येईपर्यंत लेकीचं दार बघत नाही. ते बोलावणं थेट पुढच्या शरदात यायचं. म्हणजे आज संध्याकाळपासून बुरुलआपा घरात लेकीविना, आणि शेगडीमागची फळी रिकामी. माझ्या केरसुणीने.

रजया आदल्या दिवशीच रचून ठेवल्या होत्या, एकवीस. सकाळी मी पट्टा आवळायला गुडघा लावला तेव्हा बुरुलआपा ओरडल्या होत्या, "आवळू नकोस! ऊब गुदमरते." म्हणून ढिल्या गाठीनेच ती चवड चार गड्यांनी ट्रकवर चढवली. वर बोरसोक नि साखरेचे खडे उधळले. ते वेचायला मुलं बर्फात लोळली. आणि बुरुलआपांनी गळा काढला:

*जा गं लेकी, घाटापल्याड, वाट तुझी गं मोकळी,*
*ऊब बांधून धाडली तुला, रजयांची ही मोळी.*

बायका मुसमुसल्या. मग आवाज जरा अडखळला, आणि गाण्यात जे कधी नसतं ते आलं:

*दोघी होत्या गं शेगडीपाशी, एक चालली सासरी,*
*दुसरीचं पाऊल कुठं गं पडलं, बर्फ भरलाय दारी.*

मी ट्रकमध्ये शाबदानकाकांशेजारी बसले आणि घाट संपेपर्यंत डोळ्यांना रुमाल लावून होते. काका म्हणाले, "नणंदेवर एवढं प्रेम करणारी वहिनी मी पहिल्यांदाच बघतोय."

व्याह्यांच्या घरी शेगडी धगधगत होती. चहा ओतला आणि लगेच त्या घरच्या बायका रजयांवर तुटून पडल्या. हा त्यांचा हक्कच. एकेक रजई उलगडायची, उजेडात धरायची, नाक मुरडायचं.

"टाके बारीक आहेत हो."

"बारीक कसले, डोळे मिटून घातलेत!"

"लोकर मात्र भरपूर. नवरीला थंडी वाजणार नाही, नवऱ्याला वाजली तर वाजो!"

हसण्याने छप्पर उडायची पाळी. सिर्गाच्या सासूबाई, झूराकानआपा, स्वतः सातव्या रजईला भिडल्या. "ही जड का गं? दगड शिवलेत की काय?" त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातला.

रजई गुरगुरली.

झूराकानआपा किंचाळून मागे, सोबत तीन पेले आडवे. रजईतून करडा गोळा सुटला, जेवणाच्या चादरीवरून, लोण्याच्या वाडग्यात एक पाय बुडवून, थेट शेगडीमागे!

"किरू!" सिर्गा नवरीची लाज विसरून ओरडली. मी हसू की रडू! तिला मी थंडीत हाकललंच नव्हतं. केरसुणीला कंटाळून ती घरातली सगळ्यात उबदार जागा शोधायला गेली होती, आणि ढिल्या गाठीने तिला श्वासापुरती फट ठेवली होती.

"आपा, ही आमच्या सासूबाईंची मांजर," मी म्हटलं. "आजच परत नेते."

झूराकानआपांनी पदराने बाही पुसली. "रजयांतून आलेलं माघारी जात नसतं, सूनबाई. माघारी गेलं तर घरची ऊब जाते. तुमच्याकडे नाही का हा रिवाज?"

"आहे," मी हळूच म्हणाले.

"मग?"

सिर्गा माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत हाव होती आणि आईही होती.

शेवटी शाबदानकाका म्हणाले, "मांजरीलाच विचारा की. ट्रक उभाय."

दार उघडलं. पांढरी वाफ लोळत आत आली. मी किरूला उचलून उंबऱ्यावर ठेवलं. तिने बाहेर पाहिलं. एक पाय बर्फावर टेकवला. जणू विस्तवावरच पडला, असा वर ओढला, झटकला, पुन्हा झटकला. मग आम्हा सगळ्यांकडे अपमान झाल्यासारखी पाठ फिरवून ती शेगडीकडे चालती झाली.

एकच हशा! मी फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"आपा, किरू जिवंत आहे! रजयांत होती! पण ती... यायला तयार नाही."

झूराकानआपांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"विहीणबाई, मांजर तुमची राहिली, पण थंडीभर आमच्याकडे. बर्फ वितळला की स्वतः न्यायला या. हो, स्वतः! हे बोलावणंच समजा."

"मला? बर्फ वितळल्यावर?" फोनमधून आवाज घरभर ऐकू आला. "शरदात नाही?"

"शरदापर्यंत तुमची मांजर आमचं लोणी संपवेल!"

बुरुलआपा हसल्या. खूप मोठ्याने. मग नाक ओढून म्हणाल्या, "सिर्गाला विचारा, किरू काय करतेय आत्ता?"

सिर्गा शेगडीमागे वाकली. "आई, नाक शेपटीखाली घातलंय."

"मग बघत काय बसलात?" बुरुलआपा कडाडल्या. "तुझ्या सासूला सांग, कोळसा आत घ्या. दोन पोती नाही, चार!"

झूराकानआपा तोवर दारातून कोळशासाठी नवरदेवाला हाका मारू लागल्या होत्या.