पेज म्हणजे भात नव्हे

साखरेच्या डब्याला कुलूप लागलं, त्या दिवसापासून ली मिस्त्रींच्या घरात कुणाचाच कुणावर भरवसा उरला नाही.

सदरच्या त्या गल्लीत ली मिस्त्रींचं बुटांचं दुकान होतं आणि दुकानामागेच त्यांचं घर. चीनमधून कोवळ्या वयात आलेला हा माणूस नागपुरातच म्हातारा झाला. महिन्यापूर्वी बुटाचा बारीक खिळा त्यांच्या डाव्या तळव्यात घुसला आणि दिवसभर त्यांना कळलंही नाही. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा कळलं. जखम काही भरेना. शेजारच्या तुळसाबाईंनी आपल्या ओळखीच्या गणपतराव डॉक्टरांना आणलं, तेव्हा लघवीत साखर निघाली.

"भात बंद. साखर बंद," डॉक्टर म्हणाले. "साखर उतरली नाही, तर पाय कापावा लागेल."

मिस्त्रींचा मुलगा वेन. त्याला सगळी गल्ली विनू म्हणायची. डॉक्टरांनी त्याला तपासणी शिकवली होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. विनू रोज सकाळी नळी उकळायचा आणि रोज ती लाल व्हायची.

म्हणजे घरात कुणीतरी चोरून गोड देत होतं. पण कोण?

विनूचा पहिला संशय तुळसाबाईंवरच. बाईंना कीर्तनाचं वेड. गल्लीच्या टोकाला राममंदिर होतं. तिथे झांजा वाजल्या की घरचा वरण-भात गार झाला तरी त्यांना चालायचं. पाय दुखायच्या आधी ली मिस्त्रीही त्यांच्याबरोबर जायचे. भाषा अर्धीच कळायची, म्हणून पायरीवर चपलांपाशी बसायचे. कुणाचा पट्टा तुटलेला दिसला की शिवून ठेवायचे आणि शेवटी खडीसाखर दोन्ही हातांनी घ्यायचे. आता ते खाटेवर पडून होते, तरी तुळसाबाई त्यांचा प्रसाद घेऊन यायच्याच.

"मावशी, पुडी उघडा," विनू दारातच अडवायचा.

"काहून गा? मी काय चोर हाय?"

"चोर नाई म्हणत. उघडा फक्त."

पुडीत बुक्का आणि तुळशीचं पान निघायचं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून खडीसाखर त्या स्वतःच खाऊन टाकत होत्या. तरी विनू पान उलटून बघायचा. चीनशी लढाई झाली तेव्हा तो शाळेत होता. बापाला चौकीत हजेरीला जाताना त्याने पाहिलं होतं आणि कालपर्यंत काका म्हणणारी माणसं रस्ता बदलतानाही पाहिली होती. तेव्हापासून त्याचा स्वभावच असा झाला होता.

तुळसाबाईंचा संशय मात्र मिस्त्रींच्या बायकोवर, मेईबाईवर होता. बाई घुमी. स्वयंपाकघराचा पडदा सतत ओढलेला. आत तासन्‌तास काहीतरी रटरटत असायचं.

मेईबाईचा संशय तर सरळ डॉक्टरवर. "पहले खाना बंद, फिर पाँव बंद, फिर आदमी बंद," ती म्हणायची. "मैं सब समझती."

आणि डॉक्टरांना सगळेच खोटारडे वाटत होते. "तुम्ही लोक लपवता," त्या दिवशी जखम बांधताना ते वैतागले. "काळं पडत चाललंय. उद्याची सोडून त्याच्या पुढच्या एकादशीपर्यंत बघतो. तेव्हाही लाल असलं तर मी थांबणार नाही."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. कातड्याचं माप घेताना त्या पायाच्या अंगठ्याने ते कातडं दाबून धरत. आयुष्यभर तसंच. "एक पाँव का मोची," ते एवढंच बोलले.

तुळसाबाईंना राहवेना. दुसऱ्याच दिवशी एकादशी होती. खिचडीची ताटली घेऊन त्या सकाळपासून मिस्त्रींच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. आज चोर धरल्याशिवाय उठायचं नाही.

मेईबाईने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि पडदा सारून नवऱ्यासाठी वाटी आणली. वाटीत तीच ती पांढरी, मऊ पेज. पहाटेपासून शिजत होती, शीत दिसायला नव्हतं. तिने चमच्याचमच्याने भरवली. दोन तासांनी पुन्हा वाटी आणली. गोडाचा कणही कुठे दिसेना.

दुपारी विनू दुकानातून आत आला. तुळसाबाई दुसऱ्यांदा ताटली भरून बसल्या होत्या. खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, कडेला रताळी.

"मावशी, तुमचा उपास हाय ना?"

"हाय तर! निर्मळ एकादशी."

"मंग हे ढीगभर काय खाऊन राहिल्या? रोज तर एवढं नाई खात."

"जीभ आवर बे! हे जेवण हाय काय? हा फराळ हाय. फराळाले जेवण नाई म्हणत."

मेईबाई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हातातली वाटी वर धरून म्हणाली, "बराबर! उपास में खाना नहीं, फराळ. बीमार को चावल नहीं, पेज."

तुळसाबाईंचा घास हातातच राहिला.

"मेईबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ते पेज कायची हाय वं?"

"चावल की. और किसकी?"

विनू वाटीकडे बघत राहिला. तुळसाबाईंच्या कानशिलांत झांजा वाजायला लागल्या. गेल्याच आठवड्यात रामटेकच्या बहिणीने पाठवलेली तांदळाची कणी त्यांनी स्वतः आणून दिली होती. आजाऱ्याच्या पेजेला बरी, म्हणून.

डॉक्टर तिन्हीसांजेला आले आणि ऐकून भडकलेच. "दिवसातून पाच वाट्या? मी भात बंद म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं ना. तिनं बंद केला," तुळसाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी ताप आल्यावर आई पेज द्यायची, तवा भात दिला म्हणायची काय?"



मेईबाईने मात्र वाटी छातीशी धरली. "पेज बंद नहीं." तिच्या गावात पेज थांबवायची म्हणजे वैद्याने आशा सोडली, असं धरत. तिच्या बापाची तशीच थांबवली होती. ती डॉक्टरांकडे अशी बघत होती, जणू त्यांच्या पिशवीत आत्ताच करवत आहे.

"वाटी नको थांबवू," तुळसाबाई म्हणाल्या. "आतलं बदल. डॉक्टर, वाटीत दुसरं काय चालते, ते हिलेच इचारा."

मग विनू मध्ये बसला आणि विचारपूस झाली. हाडांचं पाणी चालेल. कारलं चालेल, तिला येतंच. मुळा, पालक, अंडं. वर भात किती? डॉक्टरांनी पोह्यांचा चमचा उचलून दाखवला. मेईबाईने तो उलटून पाहिला, तुळसाबाईंकडे पाहिलं आणि बोट रोखलं.

"मैं पेज छोड़ूँ, तो तुम फराळ छोड़ो. पानी की एकादशी. खाना मतलब खाना."

"मी काहून वं?" तुळसाबाई दचकल्या. "माह्या काय पायाले जखम हाय?"

"तुम्हारा भगवान गवाह."

तुळसाबाईंनी कान पकडून कबूल केलं. कीर्तनात सत्याची कथा ऐकताना डोळ्यांना पदर लावणारी बाई होती ती.

पुढची एकादशी उजाडली. नुसत्या पाण्यावर तुळसाबाईंना भिंत हलताना दिसत होती, पण त्या मिस्त्रींच्या खाटेपाशी बसून होत्या. डॉक्टर आले. विनूने दिवा पेटवला. नळीतलं निळं औषध थरथरलं, बुडबुडे आले. तुळसाबाईंनी रामाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

"हिरवं," विनू म्हणाला. मग ओरडला, "बाबा, हिरवं!"

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, पट्टी सोडून जखम पाहिली. कडेला गुलाबी मांस आलं होतं. "आत्ता नाही कापत," ते म्हणाले. "असंच चालू दे."

मिस्त्रींनी डाव्या पायाचा अंगठा हळूहळू वाकवला आणि सरळ केला.

मेईबाईने नळी हातात घेतली, डॉक्टरांकडे पाहिलं, पुन्हा नळीकडे पाहिलं. मग ती उठून तुळसाबाईंपुढे उभी राहिली. डोळे बारीक करून म्हणाली, "मुँह खोलो."

आणि रामरायाच्या मूर्तीपुढेही इतका मोठा केला नसेल, एवढा मोठा आ तुळसाबाईंनी केला.