बारा तुकडे

“परत सोमवारचाच घोळ!” उंदरांवर प्रयोग करणाऱ्या प्रियलने टेबलावर हात आपटला, तसे बाराही उंदीर आपापल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

अभिमनने झाडू थांबवला. देवपूरच्या फार्मसी कॉलेजच्या या प्राणिघरात त्याची अठरा वर्षं गेली होती. पांढऱ्या उंदरांना खाणं घालायचं, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. उंदरांना रविवार नसतो, म्हणून हा पठ्ठ्याही तो घेत नसे. पोरं डिग्र्या घेऊन निघून जायची, अभिमन तिथेच.

आता खाणं यंत्र घालत होतं. परदेशात कुणीतरी त्याचा आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला होता. प्रियलने तो उतरवून घेऊन यंत्र स्वतः जोडलं होतं. उंदराने खाण्याची गोळी उचलली की चाक फिरून दुसरी पडायची आणि आकडा आपोआप नोंदला जायचा. अडकणारं चाक कानस मारून सुरळीत केलं ते अभिमननेच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

“फक्त सोमवारी जास्त गोळ्या जातात, नाना. मोटर बदलली, वायर बदलली. सर म्हणतात, उद्यापर्यंत कारण सांग, नाहीतर हे खेळणं काढून टाक.”

यंत्र निघालं तर अभिमन इथेच राहणार होता. टिकलं तर पहिल्या तारखेपासून त्याची स्टोअरमध्ये बदली. म्हणजे त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात सोमवारच घोळत राहिला. सोमवारी त्याचा महादेवाचा उपास असे. त्या दिवशी डबा नसे.

सकाळभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. धुतलेल्या बाटल्या त्याने पुन्हा धुतल्या. गेटपर्यंत गेला, परत आला. या पोरीने प्रयोगापायी सख्ख्या चुलतभावाचं लग्न चुकवलं होतं. दुपारी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्र उघडायला बसली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

“ताई, मशीनले हात नका लावू. मशीन खरंच बोली ऱ्हायनं.”

“यंत्र खरं बोलतंय? म्हणजे?”

“मी जेवाले बसस, तव्हय त्यासले भाकरना तुकडा देस. एकेकले एक. सोमवारले मना उपास ऱ्हास.”

प्रियलने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “म्हणजे भाकरी नसते म्हणून सोमवारी गोळ्या जास्त! बाहेरचं काही घालायचं नाही, सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगेल व्हतं.” त्याने मान खाली घातली. “पन त्या मना तोंडकडे देखतस. मी एकलाच कसा खाऊ?”

“माझे तीन महिने गेले, नाना!” ती रडवेली झाली. मग वही पुढे ओढून म्हणाली, “हे मला लिहावं लागेल. सरांना सांगावं लागेल.”

“लिखा ना. मनं नाव बी लिखा. पन मशीनले बोल नका लावू.”

पहिल्या तारखेला तो स्टोअरमध्ये गेला. तिथे टेबल होतं, पंखा होता. प्रियलने प्रयोग नव्याने सुरू केला होता. एक दिवस तीच येऊन सांगून गेली, आता सोमवारही इतर दिवसांसारखाच येतो. त्याला बरं वाटलं, आणि वाईटही.

एक वाजता त्याने डबा उघडून भाकरी मोडली. डब्याच्या झाकणावर नखाएवढे बारा तुकडे ओळीने मांडून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. आजूबाजूला नुसती खोकी होती. मग त्याने ते एकेक करून खाल्ले.