कालाबांचा रेडिओग्राम

झांबियातल्या लुआन्शाच्या बाजारात, सुक्या मासळीची ओळ संपते तिथे कातेबेची दुरुस्तीची टपरी होती. मोबाइल, चर्चचे अँप्लिफायर, सौर दिवे, जे येईल ते ती उघडायची. बाईमाणूस म्हणून सुरुवातीची काही वर्षं लोक तिच्या हातात वस्तू द्यायला कचरले. आता त्रेपन्नाव्या वर्षी मात्र बाकीच्या दुकानांनी नाद सोडलेली कामं तिच्याकडे यायची. मिस्टर सिकाझ्वे म्हणूनच तिच्याकडे आले.

सिकाझ्वेंचं न्डोला रस्त्यावर लॉज होतं. त्यांनी गाडीतून पोत्यात बांधलेलं एक धूड काढून फळीवर आणून आदळलं. पोतं सोडलं तर आत गंजका पत्र्याचा सांगाडा, अर्धी फुटलेली काच, आणि तारेने त्याला बांधलेल्या लाकडी फळीवर रेकॉर्ड फिरवायची थाळी. सगळ्यावर कोंबड्यांची शीट वाळून बसली होती.

"भंगारवाल्याकडे मिळालं," सिकाझ्वे म्हणाले. "तो म्हणतो रेडिओ आहे. मला तर चूल वाटली."

"चूल असती तर बरं होतं, लवकर दुरुस्त झाली असती," कातेबे म्हणाली आणि तिने ब्रश घेतला.

कंपनीच्या नावाची पट्टी नव्हती, पेटीही नव्हती, त्यामुळे अंगावरच्या खुणांवरूनच ओळख पटवायची होती. फुटक्या काचेवर साठ आणि नव्वद मीटरचे पट्टे दिसले. हे पट्टे आफ्रिकेसारख्या उष्ण देशांत विकायला काढलेल्या सेटवरच असत. थाळीच्या कडेचा खटका चार वेगांचा होता. सांगाड्यावर काचेच्या व्हॉल्व्हसाठी पाच सॉकेट होती, प्रत्येकाला नऊ भोकं, आणि पाचही रिकामी.

"रेडिओग्राम आहे," ती म्हणाली. "साठ सालच्या आगेमागे. रेडिओ आणि रेकॉर्ड एकाच पेटीत असायचे. कपाटाएवढी पेटी असते ही, पॉलिश केलेली. पण व्हॉल्व्ह नाहीत, सुईचा हात नाही, स्पीकर नाही."

"म्हणजे काय उरलंय?"

"ट्रान्सफॉर्मर धड दिसतोय. मोटर बघावी लागेल. निम्मं आहे असं धरा."

"निम्म्याचं पूर्ण करा. जेवणाच्या दालनात ठेवायचाय. पेटी मी सुताराकडून बनवून घेतो. आख्ख्या कॉपरबेल्टात, या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, असला दुसरा कुणाकडे नसेल."

ते गेल्यावर कातेबेने सांगाडा उलटा केला आणि स्पिरिटच्या बोळ्याने आतली बाजू पुसायला घेतली. पत्र्यावर पेन्सिलीचं लिखाण होतं. आधीच्या कारागिराने तारखा टाकून ठेवल्या असतील असं समजून तिने बोळा हलका केला. 'आवाजाचा व्हॉल्व्ह बदलला, ७ ऑगस्ट ६९.' 'कंडेन्सर, १७ मे ७४.' सातच्या आकड्याच्या पोटातून आडवी रेघ होती. शेवटची तारीख मार्च एकोणऐंशीची.

तिचे वडील लेव्ही कालाबा खाणीत वायरमन होते. साताच्या पोटात रेघ मारायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि ती आजही तशीच मारायची. एकोणऐंशीच्या जूनमध्ये ते तापाने गेले. बोळा हातात धरून कातेबे बराच वेळ बसून राहिली. शेजारची मासळीवाली म्हणाली, "काय गं, शॉक बसला का?" तेव्हा कुठे ती हलली.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी वडिलांची माणसं ट्रक घेऊन आली होती. पुढे होता धाकटा काका एनॉक. मेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्या रक्ताच्या माणसांच्या, विधवेचं त्यात काही नाही, असंच तेव्हा सगळे धरून चालत. त्यांनी पलंग नेला, गादी नेली, शिवणयंत्र नेलं, खिडक्यांचे पडदेसुद्धा उतरवून नेले. रेडिओग्राम उचलायला चार जण लागले. शेजारपाजारचे दारात उभे राहून पाहत होते, कुणी अडवलं नाही. नऊ वर्षांच्या कातेबेला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती जमीन. पेटी उचलल्यावर तिच्याखालचा लाल पॉलिशचा चौकोन तेवढा लख्ख राहिला होता, आणि आई त्या चौकोनावर जाऊन बसली होती.

भंगारवाल्याला तिने गाठलं. तो म्हणाला, "मुफुलिराहून आणलं. एका म्हाताऱ्याच्या खुराड्यात होतं. त्याच्यावर कोंबड्या अंडी घालायच्या."

एनॉक काका मुफुलिरालाच राहायचा. रविवारी ती तिकडच्या बसमध्ये बसली. स्वतःला सांगताना ती म्हणाली, सुईचा हात आणि स्पीकर मिळतो का बघायला चाललेय. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

एनॉक चौऱ्याऐंशीचा झाला होता. चर्चमधून येऊन टाय-शर्टातच अंगणात खुर्ची टाकून बसला होता. नजर अधू झालेली, पण आवाज तसाच. कातेबेने रीतीप्रमाणे गुडघे टेकले, हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार केला. बापाचा भाऊ म्हणजे बापच, त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायची सोय नव्हती.

"बा तता, मी लेव्हीची कातेबे."

"ऐकलंय मी. तू यंत्रं उघडतेस." त्याने पाणी आणायला सांगितलं. "बाना लोंबे कशी आहे?"

बाना लोंबे म्हणजे लोंबेची आई. कातेबेच्या आईला सगळे याच नावाने हाक मारत. लोंबे हा कातेबेचा थोरला भाऊ. जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी नाव चालू होतं.

"बरी आहे. बा तता, तुमच्याकडचा रेडिओ माझ्याकडे दुरुस्तीला आलाय. त्याचे काही भाग राहिलेत का, ते विचारायला आले."

म्हातारा हसला. हसता हसता खोकला. "दुरुस्ती. तो दुरुस्त होत नसतो, मुली. माझ्या घरात तो एक दिवस वाजला नाही. ट्रकवरून मी त्याला सांभाळत आणला, लहान मुलासारखा. बायकोने मक्याची मुंकोयो आंबवली, सगळी गल्ली अंगणात बोलावली. बटण दाबलं, आवाज नाही. मागची फळी उघडली तर आतले दिवे गायब. पाचही. लोक माझी मुंकोयो पिऊन मलाच हसत घरी गेले."

"कुणी काढले?"

"तुला नाही सांगितलं?" त्याने मान तिच्याकडे वळवली. "तुझ्या आईने. आम्ही येणार हे तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशी काढून ठेवले. त्या वर्षी दुकानात साबण मिळत नव्हता, असले दिवे कुठून आणणार? मी आठवड्याने परत लुआन्शाला गेलो. तिला म्हटलं, दिवे दे, मी लोंबेची फी भरतो, शाळा संपेपर्यंत. हेडमास्तरांसमोर बोलायला तयार होतो. तर म्हणाली, कसले दिवे, मला माहीत नाही."

कातेबेने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग मीही म्हटलं, कसली फी," म्हातारा म्हणाला. "पेटी वाळवीने खाल्ली. भाग वगैरे काही नाही आता. जेवून जा. कोंबडी कापायला सांगतो."

ती जेवून आली. न जेवता उठणं हा अपमान झाला असता, आणि तेवढी हिंमत तिच्यात त्या दिवशी नव्हती.

लोंबे तेव्हा तेरा वर्षांचा होता. वर्गात पहिला यायचा. त्याच वर्षी शाळा सुटली आणि तो कोळसा पाडणाऱ्यांबरोबर जंगलात जाऊ लागला. झाडं तोडायची, मातीखाली जाळायची, सायकलवर पोती लादून शहरात आणायची. एकविसाव्या वर्षी जंगलातल्या झोपडीतच तापाने गेला. बरोबरच्यांनी त्याला त्याच सायकलवर बांधून आणला.

कातेबे घरी पोचली तेव्हा आई मागच्या दारी शेंगदाणे निवडत होती. ऐंशी वर्षांची, बोटं वाकडी झालेली, पण खडा सुटायचा नाही.

"मायो, मी मुफुलिराला गेले होते."

"कळलं मला. बसवाल्याने सांगितलं." आईने मान वर केली नाही. "अजून जिवंत आहे तो?"

"आहे. तू रेडिओचे व्हॉल्व्ह काढून ठेवले होतेस?"

आईचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "हो."

"तो परत आला होता? लोंबेच्या फीचं बोलायला?"

"आला होता."

"आणि तू नाही म्हणालीस."

"त्याच्या शब्दावर देऊ? दफनाच्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, वहिनी, तुझ्या घरातली काडी हलणार नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगाखालची गादी नेली. दिवे दिले असते तर दिवेही गेले असते आणि फीही भरली नसती."

"कदाचित भरली असती."

"कदाचित."

"एकदा देऊन तर पाहायचं होतंस, मायो. पाच काचेच्या बाटल्या होत्या त्या. बाटल्या. त्यापायी..."

"हे तू आज एकदा म्हणालीस," आई म्हणाली. "मी रोज म्हणते. लोंबेला आणून त्या दारात ठेवला तेव्हापासून रोज. तुला वाटतं मला तुझ्याकडून शिकायचं राहिलंय?"

ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि दूध पावडरचा एक डबा घेऊन आली. आत वडिलांच्या मोज्यांमध्ये एकेक गुंडाळलेले पाच व्हॉल्व्ह होते. काचेवर ओरखडा नव्हता. कातेबे याच घरात लहानाची मोठी झाली, पण हा डबा तिने कधी पाहिला नव्हता.

"घे. लाव."

"लॉजवाल्याचा आहे तो आता."

"कुणाचाही असो. वाजतो का ते बघ."

महिनाभर कातेबे त्या सेटवर होती. जळके कंडेन्सर काढले, उंदरांनी खाल्लेल्या तारा बदलल्या, सोल्डरचा प्रत्येक जुना डाग सोडवून नवा दिला. सुईचा हात एका मोडक्या प्लेअरचा घेतला, स्पीकर एका जुन्या अँप्लिफायरचा, मोटरचं कडक झालेलं रबरी चाक घासून मऊ केलं. वडिलांचं लिखाण मात्र तिने पुसलं नाही. सिकाझ्वेंना तिने सेट कुणाचा ते सांगितलं. तो विकत मागायचा नव्हता, तरी सांगितलं. ते भलतेच खूश झाले.

"हे कार्डावर लिहू या," ते म्हणाले. "पाहुण्यांना असल्या गोष्टी फार आवडतात. वडिलांचं नाव काय म्हणालात?"

आईला तिने टपरीत आणलं तो गुरुवार होता. दुपारी दोनला लाईट येणार होती, ती तीनला आली. कातेबेने बटण दाबलं. आधी काही नाही, मग पाचही काचांच्या पोटात तांबूस धग दिसू लागली आणि स्पीकरमधून गुरगुर आली. काटा फिरवत फिरवत काँगोकडचं कुठलंसं केंद्र लागलं. एक माणूस फ्रेंचमध्ये बातम्या वाचत होता. आईला फ्रेंचचा गंध नव्हता. हात मांडीवर ठेवून तिने बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. मासळीवाली आणि आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी तरी म्हणालं, नाचायचं काही लाव की.

"एवढंच?" आई म्हणाली.

"आता बहुतेक केंद्रं या पट्ट्यावर नाहीतच, मायो. रेकॉर्ड लावू का?"

"नको. बंद कर." उठताना तिने कातेबेच्या खांद्याचा आधार घेतला. "दिवे त्यातच राहू दे. मी आता त्यांना कुठवर राखत बसू?"

त्यानंतर दोघी त्या विषयावर बोलल्या नाहीत. कातेबे सकाळी आईचं पाणी तापवायची, संध्याकाळी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायची, आणि आई जेवताना समोर बसली की तिला एकदम लोंबेच्या काळ्या पडलेल्या नखांची आठवण यायची. आईला माफ करायचं की नाही, हे आपण ठरवायचं असतं का, हेच तिला कळत नव्हतं. काकावर राग धरणं फार सोपं होतं इतकी वर्षं.

पावसाळा संपता संपता लॉजमधून बोलावणं आलं. फ्रीझर बंद पडला होता. काम आटोपून ती जेवणाच्या दालनात गेली. नव्या पेटीत रेडिओग्राम झोकात उभा होता, वर कागदी फुलं. आतून गाणं येत होतं, स्वच्छ, खरखर नसलेलं. शेजारच्या कार्डावर वडिलांचं नाव 'लेव्ही कलुबा' असं छापलं होतं.

तिने मागे वाकून पाहिलं. सांगाडा नव्हता. पेटीत दोन नवे काळे स्पीकर होते आणि त्यांच्या तारा.

"खरखरायचा फार," सिकाझ्वे म्हणाले. "आणि तापायचा. लुसाकाच्या पोराने आतलं काढून हे बसवलं, आता फोनवरून वाजतो. तुमचं काम वाया नाही गेलं हं, थाळी ठेवलीय वर, झाकण उघडून पाहा."

"आतलं कुठे आहे?"

"पत्रा भंगारात दिला. ते काचेचे मात्र छान दिसतात म्हणून ठेवलेत."

काउंटरवर काचेच्या वाडग्यात, पाहुण्यांसाठीच्या गोळ्यांच्या शेजारी, व्हॉल्व्ह पडले होते. कातेबेने विचारलं, नेऊ का. "न्या की," सिकाझ्वे म्हणाले, "मी दुसरं काहीतरी ठेवीन." तिने ते रुमालात बांधले आणि बस पकडली.

आईसमोर तिने रुमाल सोडला. काय झालं ते सगळं सांगितलं, कार्डावरचं नावही. आईने वाकड्या बोटांनी काचा एकेक करून बाजूला सरकवल्या.

"चार आहेत," ती म्हणाली.

"एक कुणी पाहुण्याने नेला असेल."

"हं." आईने रुमालाची टोकं पुन्हा जुळवली, पण गाठ मारली नाही. "डबा मी मागच्या महिन्यात रॉकेलला दिला शेजारणीला. आता हे कशात ठेवायचं?"

कातेबेने घरभर शोधलं. झाकणाचं असं काही सापडलं नाही. शेवटी रुमाल तसाच फळीवर, मिठाच्या पिशवीमागे सरकवून ती चूल पेटवायला गेली.